एक पडेपर्यंत

नांगरणीचा महिना, नव्या चंद्राचा चौथा दिवस
अनाब गावाहून

तिर्सावन्संना, लाखीशला, वेशीजवळच्या घरी.

तुमच्या कानी सगळं बरंच पडो. असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. माझ्याकडं आज बरं काही नाही.

तुमचा भाऊ गेला. आज दहावा दिवस. सकाळी खालचं रान नांगरून आला, अंजिराखाली बसला आणि पाणी मागितलं. मी म्हटलं, रांजण हातभर लांब आहे, ऊठ आणि घे. उठला नाही. मी कुरकुरत तांब्या भरून नेला, तोवर त्याची तहान संपली होती. पेलेतने कधी कशाची घाई केली नाही, ही एकच केली.

शाफानने मुलाने करायचं ते सगळं नीट केलं. घराण्याच्या दफनाच्या गुहेचा दगड लोटला, बापाला डावीकडच्या ओट्यावर निजवलं. तुमचे आईबाबा कोपऱ्यातल्या खड्ड्यात वाडवडिलांच्या हाडांत कधीच मिसळून गेलेत, त्यांची काही तक्रार दिसली नाही. उजवीकडचा ओटा रिकामा आहे. तो माझा. मी झाडूनही आले.

एक विचारायचं होतं. खिडकीच्या कोनाड्यात त्याचा तो मातीचा पट आहे, भोकाभोकांत कुत्री आणि कोल्हे रोवलेले. धूळ बसते. सोंगट्या हाडाच्या आहेत, फेकवत नाहीत. शाफानच्या लेकीला, मिल्काला, खेळायला देऊन टाकू का?

फुटक्या घड्याची ही दुसरी खापरीही लिहून भरली. माझं अक्षर मोठं आहे. आमचे बाबा घड्यांच्या कानांवर खुणा करायचे, त्यांच्या शेजारी बसून शिकले तेवढंच. तेलवाला गेरा दोन्ही खापऱ्या आणतोय, त्याला भाकरी खाऊ घाला.

यमीमा

*

उशिराच्या पेरणीचा महिना, चंद्र अर्धा
लाखीशहून

यमीमा,

सात दिवस शोकात जमिनीवर बसले. आणखी काय लिहू? तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान होता. त्याला चालायला मी शिकवलं. पडला की रडायचा नाही, आजूबाजूला बघायचा, कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून.

पटाला हात लावू नकोस. मिल्कालाही लावू देऊ नकोस.

बाबांनी आम्हा दोघांसाठी सारखे दोन पट भाजले होते. तुझ्या कोनाड्यात सोंगट्या जशा उभ्या आहेत तशाच इथं माझ्या उशाशी आहेत. तीन वर्षं आमचा एकच डाव चालू आहे. एका खापरीला एक दान. त्याची चार कुत्री घरी पोचलीत, पाचवं अगदी दाराशी आहे. त्याला नेमका एक पडायला हवा, जास्त पडला तर ते जागचं हलत नाही. माझेही चार कोल्हे पोचलेत. पाचवा नऊ घरं मागे आहे. दान त्याचं होतं.

हा डाव कशावर लावलाय ते त्याने तुला सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते. रिकाम्या ओट्यावर. मी जिंकले तर मेल्यावर मला लाखीशहून अनाबला आणायचं आणि माझ्या आईबाबांच्या गुहेत त्या ओट्यावर निजवायचं. तो जिंकला तर मी तो विषय पुन्हा काढायचा नाही.

मेला म्हणून शब्द मोडत नाही. त्याच्या जागी तू खेळ.

तिर्सा

*

तोच महिना, चंद्र संपत आलेला
अनाब

वन्सं,

तुमची खापरी वाचली. मग परत वाचली, कारण मला वाटलं मीच अक्षर चुकले. चुकले नव्हते.

माझा ओटा पणाला लावला! त्रेचाळीस वर्षं त्या माणसाची भाकरी थापली, त्याचे झगे विणले, त्याचं घोरणं ऐकलं, आणि निजायच्या जागेचा सौदा त्याने तुमच्याशी केला. बरं, सांगायची छाती नाही. आयुष्यात एकदा जुगार खेळला तोही दुसऱ्याच्या मालावर.

आणि तुम्ही. लेक एकदा दिली की ती त्या घरची. जगताना त्या घरची, मेल्यावरही त्या घरची. मलाही आई होती. मी कधी म्हटलं का मला तिच्या शेजारी न्या म्हणून?

पण शब्द दिलाय म्हणता, तर पाळते. माझ्या घरातून दिलेला शब्द परत गेला असं गेराने गावोगाव सांगायला नको.

मिल्काने मला शिकवलं. मेंढीच्या घोट्याचं हाड, चार बाजू, चार दानं. पसरट बाजूंवर पडलं तर तीन किंवा चार. अरुंद कडेवर उभं राहिलं तर दोन, आणि उरलेली कड, जिच्यावर ते कधी उभंच राहत नाही, तो एक. घरातल्या घरात टाकलं तर खोटं टाकलं म्हणाल, म्हणून मी खळ्यावर जाऊन टाकलं, सगळ्या म्हाताऱ्यांसमोर. पेरण्या झाल्यावर तिथं दुसरं काय असतं? दोघं गोफणीचे गोटे मोजत होते, एकजण झोपेत होता.

हनोक म्हणाला, "काय गं यमीमा, नवरा जाऊन जेमतेम दोन महिने झाले आणि हाडं खुळखुळवत हिंडतेस?"

म्हटलं, "नवऱ्याचंच राहिलेलं काम करतेय, हनोकदादा. तुम्ही बायकोचं एखादं तरी केलंत का कधी?"

झोपलेला हसला, म्हणजे झोपलेला नव्हता.

तीन पडले. कुत्रं दाराशीच आहे. तुमचं दान.

यमीमा

*

जवस खुरपण्याचा महिना, नव्या चंद्राचा दुसरा दिवस
लाखीश

यमीमा,

तुझी खापरी गेराने वेशीतच दिली आणि मी तिथंच वाचली. इतकी मोठ्याने हसले की पहारेकरी धावत आला. पेलेतच्या खापऱ्या म्हणजे दोन ओळी: पाऊस बरा, दान तीन. तू तर एका दानासाठी अख्खा घडा फोडतेस. गेरा म्हणाला, यमीमाआजींची पत्रं वाढली तर मला आणखी एक गाढव घ्यावं लागेल.

मला चार पडले. कोल्हा आता पाच घरं मागे.

रागावू नकोस. मला काही तिथं यायची हौस नाही. इथं माझ्या दिरांच्या मुलांनी माझी जागा राखून ठेवलीय, नवऱ्याच्या शेजारीच. वरच्या अंगाला आहे, कोरडी आहे. मी आपली बाबांच्या पटासाठी खेळते. हातात घेतलेला डाव अर्धा सोडला की बाबा जेवत नसत, ते तुला माहीत नाही.

इथं वेशीत दिवसभर पट मांडलेले असतात. शिपायांनी पायऱ्यांच्या दगडांतच भोकं कोरून घेतलीत. मी बघत बसते. बायकांना कोणी खेळायला घेत नाही, पण कोण चुकतंय ते मी सांगते, आणि आता ते चुकण्याआधी माझ्याकडे बघतात.

तिर्सा

*

जवाच्या कापणीचा महिना, पौर्णिमेनंतर
अनाब

वन्सं,

आधी दान. चार पडले. कुत्रं तिथंच. खळ्यावर अकरा साक्षीदार होते आणि सगळ्यांनी एकदम "हाय हाय" केलं. आता त्यांना दुसरं कामच उरलं नाही. अमावास्येच्या जेवणाला बसले तरी बोलणं कुत्र्याचं आणि कोल्ह्याचं. अर्धे तुमच्या बाजूचे आहेत. हनोक तुमच्या बाजूचा आहे, लहानपणी तुम्ही त्याला विहिरीत ढकललं होतं म्हणे, आणि तेव्हापासून तो तुम्हाला मानतो.

आता दोन गोष्टी. दोन्ही तुम्हाला आवडायच्या नाहीत.

एक. मी गेराला मसूर वाढले आणि विचारलं, तिर्सावन्संचे पुतणे कसे आहेत? गेराला खोटं बोलता येत नाही, नुसते कान लाल होतात. बराच वेळ कान लाल करून बसला, मग म्हणाला, "आजी, त्यांनी सांगितलंय, आमच्या गुहेत ज्या बायकांनी या घराला मुलगे दिले त्यांनाच जागा. तिर्साबाईंना वेशीबाहेरच्या गरिबांच्या खड्ड्यात." हे कधी सांगितलं, तर म्हणे गेल्या हिवाळ्यात. म्हणजे तुम्ही जेव्हा मला ती कोरडी जागा लिहिलीत, तेव्हा तुम्हाला माहीत होतं. खोटं कशाला, वन्सं? मी तोंडाची वाईट आहे, पण बहिरी नाही.

दोन. दाराच्या आगळीवर पेलेतच्या सुरीच्या खाचा आहेत. त्याला सगळं मोजायची खोड होती, कोकरं, घडे, माझी बोलणी. मला वाटायचं ही कोकरं. काल आगळ उन्हात धरली आणि बघितलं तर चारच्या वर खाच एकाही झुबक्यात नाही. ती दानं होती. मग मी तुमच्या जुन्या खापऱ्या काढल्या. त्याने सगळ्या घड्यात जपून ठेवल्यात. प्रत्येकीत तुम्ही लिहिता, "तुझे तीन कळले", "तुझे चार कळले". मी खाच आणि खापरी शेजारी मांडत गेले. भाकरी करपली तरी उठले नाही.

कुत्रं दाराशी आल्यापासून दोन वर्षांत त्याला चार वेळा एक पडलाय. चारही वेळा त्याने तुम्हाला तीन किंवा चार कळवले.

जिंकायचंही नाही, हरायचंही नाही. तुमची बाजू घेतली तर मी आहे, माझी घेतली तर तुम्ही. मग काय करायचं? काहीच नाही. दाराशी कुत्रं उभं करायचं आणि पाऊस बरा लिहायचं. हा माझा नवरा. सासूबाई आणि माझ्यात भांडण झालं की हा शेळ्या मोजायला जायचा, तसंच हे.

तुमचं दान.

यमीमा

*

वेली छाटायचा महिना, चंद्र अर्धा
लाखीश

यमीमा,

दोन्ही खरं आहे.

पुतण्यांचं आधी सांगते, म्हणजे संपेल. ते वाईट नाहीत. त्यांच्या बायका वाईट नाहीत. गुहा लहान आहे, माणसं पुष्कळ आहेत आणि मला मूल नाही. ते सांगायला आले तेव्हा त्यांनी मनुकांची ढेप आणली होती. मी घेतली. चांगली होती.

तुला लिहिलं नाही कारण तू कळवळून ओटा द्यावास अशी माझी इच्छा नाही. पेलेतने दिला असता तर तो भाऊ होता. तुझ्याकडून मला दया नको. डाव हवा. जिंकले तर मिळवलेलं असेल. हरले तर वेशीबाहेर पडेन, मेल्यावर माझी पाठ दुखणार नाही.

आता दुसरं. तुझ्या आगळीचं मला नवल वाटलं नाही. दोन वर्षं एक पडत नाही? मी वेशीतल्या पटांवर हजार दानं बघितलीत. मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं. मी बोलले नाही, कारण माझा कोल्हा नऊ घरं मागे का राहिला तेही कोणी विचारू नये असं मला वाटत होतं. चार पडले की मी एक कळवत होते. एक पडला की कधीकधी सांगत होते, "हाड फुटलं, पुढच्या वेळी टाकते."

डाव लावण्याआधी आठ वर्षांत त्याने मला एक खापरी पाठवली होती. तीही मेंढी हरवली म्हणून. डाव लावला आणि दर महिन्याला येऊ लागली. पाऊस बरा, दान तीन. एवढीच. पण यायची. ओट्याचा पण मीच काढला होता खरा, कारण नुसत्या खेळासाठी तो इतका वेळ लिहीत बसला नसता. मग डाव दोघांनाही संपवायचा नव्हता.

आता मात्र मी खरं दान टाकते. मला वेळ नाही, जिना चढताना दोनदा बसावं लागतं. आज चार पडले. कोल्हाही दाराशी आला. तुला एक हवा, मलाही एक हवा. दान तुझं.

आणि खोटं दान पाठवू नकोस. मला कळेल. तुमच्या खळ्यावर माझा माणूस आहे, विहिरीत पडलेला.

तिर्सा

*

फळं साठवायचा महिना, नव्या चंद्राचा सहावा दिवस
अनाब

तिर्सावन्सं,

उशीर झाला. गेरा तीनदा येऊन गेला आणि मी तीनदा त्याला रिकामा पाठवला. का ते सांगते.

पहिल्यांदा आला तेव्हा मी हाड हातात घेऊन खळ्यापर्यंत गेले आणि परत आले. तुमचा भाऊ दोन वर्षं जे करत होता ते मला का करता येऊ नये, असं मनात आलं. एक पडला तर चार लिहायचं. तुमचा कोल्हा घरी जाईल, तुम्हाला वाटेल जिंकले, ओटा मिळाला, दया झाली नाही, भांडण नाही. सोपं होतं. मग मला त्याच्या खाचा मोजताना करपलेली ती भाकरी आठवली. नको म्हटलं. तुम्ही दोघं सख्खी भावंडं, दोघंही लबाड. या डावात एक तरी खरं माणूस असावं, आणि ते या घरात बाहेरून आलेलं निघावं, याचं मला बरं वाटलं.

दुसऱ्यांदा आला तेव्हा द्राक्षं तुडवायची होती. माझे गुडघे आता कुंडात उतरत नाहीत, मी काठावर बसून गाणं म्हणते आणि जो ताल चुकवेल त्याच्यावर साल फेकते. पोरी संध्याकाळी मळ्यात नाचायला गेल्या, एकमेकींकडून मागून आणलेले पांढरे झगे घालून. मिल्काला अजून कोणी घेत नाही, आठ वर्षांची आहे. ती कुंपणाबाहेर एकटीच नाचली. तिचा ताल बरा होता.

तिसऱ्यांदा आला तेव्हा मी त्याला म्हटलं, चल, आज साक्षीला तूच.

खळ्यावर सगळे होते. हनोकने माझ्यासाठी जागा झाडली, म्हणजे तुमच्यासाठीच झाडली. मी मनात ठरवून गेले होते, जे पडेल ते. हाड टाकलं. पसरट बाजूवर पडलं असं वाटलं, मग एका खड्याला अडलं, गिरकी घेतली आणि त्या कडेवर उभं राहिलं, जिच्यावर ते उभंच राहत नाही. गेराचे कान लाल झाले.

एक.

हनोक म्हणाला, "खडा होता. पुन्हा टाक."

म्हटलं, "खडा परमेश्वराने ठेवलाय की तुम्ही? तुम्हीच झाडलीत जागा."

वन्सं, मी जिंकले. खोटं नाही, तुमचा माणूस सांगेल. घरी येऊन पाचवं कुत्रं मी घरात रोवलं. तुम्हीही तिकडं रोवा. तीन वर्षांवर चाललेला डाव संपला.

आता ऐका. ओटा माझा झाला, म्हणजे तो कोणाला द्यायचा हे ठरवायचंही माझंच झालं. तुमच्यावर दया करायचा प्रश्न नाही, माझ्या मालाचा आहे.

दुसऱ्या दिवशी मी शाफानला घेऊन गुहेत गेले. म्हटलं, बापाचं वर्ष होत आलं, कोरडी गुहा आहे, बघ, नुसती हाडं राहून झालाय का गोळा करण्यासारखा. झाला होता. शाफानने त्याला उचललं आणि कोपऱ्यातल्या खड्ड्यात आईबाबांच्या हाडांत ठेवलं. मी वरून सांगितलं, नीट ठेव, आईच्या बाजूला ठेव, तिथं त्याला कोणी काही विचारायचं नाही. डावीकडचा ओटा रिकामा झाला. उजवीकडचा होताच. दोन ओटे, दोन म्हाताऱ्या.

मला हे नांगरणीच्या महिन्यातच दिसायला हवं होतं. लहान पोरालाही माहीत आहे की हाडं कोरडी झाली की ओटा मोकळा होतो. पण मी "माझा ओटा, माझा ओटा" करत बसले आणि तुम्ही "माझा कोल्हा, माझा कोल्हा". ज्या माणसाला जिवंतपणी आपल्या दोघींच्या मधे जागा करता आली नाही, त्याने मेल्यावर निमूट करून दिली. आणि तेही काही न करता. हे त्याच्यासारखंच झालं.

हनोकला कळलं तेव्हा तो म्हणाला, दिलेली लेक परत गुहेत आणायची रीत नाही. तुमचा माणूस असा आहे, जिवंतपणी तुम्हाला मानतो, मेल्यावर नाही. मी म्हटलं, दादा, ओटा अकरा साक्षीदारांसमोर जिंकलाय, आणि बारावे तुम्ही होतात. रीत तुमच्या गुहेत पाळा. आणि जास्त बोललात तर विहीर अजून तिथंच आहे.

डावा तुमचा, उजवा माझा. माझा आधी झाडलेला आहे, म्हणून.

पण मेल्यावर गेराच्या गाढवावर लाखीशहून इथवर आणायला मला जमणार नाही, ऊन फार असतं. तेव्हा जिवंतच या. खाली जाताना त्याची दोन्ही गाढवं तेलाने भरलेली असतात, वर येताना रिकामी. जिन्यावर दोनदा बसता म्हणालात, आमच्या घराला जिना नाही, एक पायरी आहे. पुतण्यांना मनुकांची ढेप देऊन या, त्यांनी आणली तेवढी मोठी.

तुमचा पट आणू नका, घरात एक पुरे. कोल्हे आणा. नवा डाव लावू. कशावर लावायचा ते मी ठरवेन, तुमच्या घराण्याला पणाला काय लावायचं ते कळत नाही. हाड मिल्काचं वापरायचं, आणि दान माझ्यासमोर टाकायचं, चार पडले तर चारच म्हणायचं.

ओटे कुठं जात नाहीत. आधी पट मांडू.

यमीमा